कुटुंब गावाला

मुंबईहून परत आले तेव्हा वाईत ज्यानं त्यानं एकच विचारलं, "काय मास्तरीणबाई, समुद्र पाहिलात का?" नाही पाहिला. उन्हाळ्याची अख्खी सुट्टी मुंबईत काढली आणि ना समुद्र पाहिला ना राणीची बाग. मी पाहिली घाटकोपरच्या डोंगरातली दगडाची खाण आणि तिच्या कडेची वस्ती. एवढं सांगितलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो, आणि "बरं, बरं" म्हणत तो पिशवी उचलून चालू लागतो. माझी मात्र ही आजवरची सगळ्यांत चांगली सहल झाली. तुम्ही काही तिकडे मुद्दाम जाणार नाही, म्हणून सगळं सांगते.

भावाचं घर

माझा धाकटा भाऊ फोर्टात एका कचेरीत आहे. घाटकोपरला नव्या बिल्डिंगीत त्याच्या दोन खोल्या आहेत. सकाळी दोन तास नळाला पाणी येतं, आणि त्या दोन तासांत माझी भावजय जे काही करते ते पाहून मला धाप लागली. पिंप, बादल्या, घागरी, पातेली, शेवटी वाट्यासुद्धा भरून झाल्या. मी म्हटलं, "अगं, वाट्या कशाला?" तर म्हणते, "असू दे हो वन्सं, आलंय तर भरू दे ना." आमच्या वाईला कृष्णाबाई दारात वाहते, घाटाच्या चार पायऱ्या उतरलं की झालं. पाणी भरून ठेवायची घाई मी जन्मात पाहिली नव्हती.

भावजय तिथल्या महिला मंडळात आहे. तिसऱ्याच दिवशी तिनं माझ्यापुढे फुलस्केप कागदांची गुंडाळी टाकली. "वन्सं, तुमचं अक्षर छान आहे. एक यादी करायचीय." माझं अक्षर छान आहे हे लोक सांगतात. बरं, मीही सांगते. आणि अक्षराचं कौतुक केलं की माझ्याकडून काहीही करून घेता येतं, हे त्या बाईला लग्न झाल्यापासून ठाऊक आहे.

काम असं होतं. डोंगराकडच्या खाणीजवळ मजुरांची वस्ती आहे, तिथं नळ नाही. घाटकोपर मुंबईत घेतल्याला काही वर्षं झाली होती, पण मुंबईचं पाणी अजून त्या चढावर पोचलं नव्हतं. मंडळानं अर्ज केला, तेव्हा पाण्याच्या कचेरीतून उत्तर आलं, की वस्तीत कुटुंबं किती ते लिहून आणा, मग पाहू.

खाणीकडे

आग्रा रस्ता ओलांडून आम्ही चढू लागलो. वाटेवर पांढरी धूळ घोट्यापर्यंत. माझी काळी चप्पल दहा मिनिटांत पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी झाली. वस्ती म्हणजे पत्र्याच्या, तट्ट्यांच्या, डांबराची पिंपं उलगडून केलेल्या भिंतींच्या झोपड्या. बायका ओळीनं बसून खडी फोडत होत्या. कोपऱ्यात एक म्हातारा खोकत होता, आणि तो थांबला की पलीकडच्या झोपडीत दुसरं कुणी सुरू करत होतं. दगडाचा भुगा छातीत बसतो, त्याला औषध नाही, असं भावजयीनं चालता चालता सांगितलं. काम रोजावर, आज आहे तर उद्या नाही. शाळा रुळांपलीकडे. दोन्ही वेळचं पाणी भरून पोरं शाळेत कधी जाणार, हा हिशेब मला मास्तरीण असून सुटला नाही.

तिथं आनंदी भेटली. चाळिशीची, ठेंगणी, मालवणकडची. नवरा याच खाणीत सुरुंगानं गेला. त्यानंतर ती गावी गेली नाही, खानावळ घातली. बिनबायकांची राहणारी सोळा माणसं तिच्याकडे दोन्ही वेळ जेवत. काही खाणीतली, काही आग्रा रस्त्यावरच्या कारखान्यांतली, झाडून सगळी कोकणातली. "येवा, येवा, बसा," म्हणत तिनं पोतं अंथरलं आणि तांब्याभर पाणी पुढे ठेवलं.

आता आमच्याकडची रीत सांगते. उन्हातून कुणाच्या दारी गेलं आणि तांब्या पुढे आला, की आधी पायांवर पाणी घ्यायचं. मी तो तांब्या उचलला, दारात उभी राहिले आणि दोन्ही पायांवर छान ओतला. धूळ निघाली, बरं वाटलं. मागं वळून पाहते तर खडी फोडणाऱ्या बायकांचे हातोडे थांबलेले. भावजयीनं कपाळावर हात मारला. ते प्यायचं पाणी होतं, आणि दुपारपर्यंत पुरवायचं होतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आनंदीच हसली. "ऱ्हवांदे वो बाय, तुमचे पाय तरी धुवान झाले. आमचे गणपतीकच धुवूक मिळतत."

मग तिनंच पाण्याचं सांगितलं. खालच्या तबेल्यात विहीर आहे. म्हशींचं पिऊन झालं, की माणसांनी भरायचं. आनंदीच्या दिवसाला दहा खेपा, चढावर, डोक्यावर दोन हंडे. आता तबेल्याची जागा विकली गेलीय. पावसाळ्यानंतर तिथं बिल्डिंगी उठणार आणि विहीर बुजवणार. त्यापुढचं पाणी थेट रुळांपलीकडे.

"सोळा माणसांचा पाणी रूळ ओलांडून कोण हाडतला?" ती म्हणाली. "इहीर बुजली काय खानावळ बंद. मगे मी गावाक, दिराच्या दारात. थय माका दोन टायम जेवक मिळात, पण तां दुसऱ्याच्या हातचा." हे बोलताना तिचे हात भाकरी थापतच होते. मी मासे खात नाही म्हटल्यावर तिनं माझ्यापुरती कुळथाची पिठी टाकली होती. पिठी, तांदळाची भाकरी आणि वर कच्चा कांदा. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि पाणी मात्र मागितलं नाही.

यादी

दुसऱ्या दिवसापासून मी कागद घेऊन दारोदार फिरू लागले. कागदावर कचेरीनं सांगितलेले रकाने आखलेले होते: अनुक्रम, नाव, कुटुंब, शेरा. मी शाळेतल्या हजेरीसारखं खणखणीत विचारायची, "नाव? कुटुंब?"

आता आपल्याकडे पुरुषाला कुटुंब विचारलं की तो काय समजतो? बायको! माझे वडील आईला कुटुंबच म्हणत. "आमच्या कुटुंबाला ताक चालत नाही." वस्तीतले पुरुषही तेच समजले. शाळेत मी मुलींना नेहमी सांगते, की सांगणारा सांगेल तसंच लिहावं, आपलं शहाणपण घालू नये. त्या बाण्याला जागून मी लिहीत गेले.

"कुटुंब?"

"गावाक आसा."

लिहिलं, कुटुंब गावाला. पुढचा म्हणाला, "कुटुंब वारला गेल्या साली." लिहिलं, कुटुंब वारले. तिसरा लाजला. "अजून होऊचा हा." लिहिलं, कुटुंब नाही. त्या तिसऱ्याच्या मागं त्याची आई, दोन बहिणी आणि एक लंगडा काका उभे होते. ते मला दिसत नव्हते असं नाही, पण त्यांचा रकाना नव्हता.

आमच्या साताऱ्याकडचा धोंडीराम भेटला, तो भलताच खूश. "दोन हायती बाई. दोनीबी हितंच." दोघी दारातच उभ्या होत्या आणि एकमेकींकडे पाठ करून होत्या. लिहिलं, कुटुंबे दोन. एवढ्यात सुरुंगाची शिट्टी झाली आणि सगळी वस्ती पत्र्यांआड पळाली. धोंडीरामच्या एका कुटुंबानं माझा दंड धरला, दुसरीनं कागद धरले, आणि मला खाटेखाली ढकललं. धडाम झालं, पत्र्यावर कपच्या वाजल्या. बाहेर येऊन त्या पुन्हा पाठ करून उभ्या राहिल्या.

आनंदीला विचारलं, "कुटुंब?" आजूबाजूच्या बाया खो खो हसल्या. "बायलमाणसाक खयचा कुटुंब?" ती म्हणाली. मी म्हटलं, खरंच की. तिच्या नावापुढे आडवी रेघ मारली. मलाही कुटुंब नाही, बेचाळिसाव्या वर्षी व्हायचंही नाही, त्यामुळे मला त्या रेघेचं काही वाटलं नाही. घरी आल्यावर यादी शाईनं उतरवून काढली. एक खाडाखोड नाही. भावजय म्हणाली, "झकास!" तिनंही फक्त अक्षर पाहिलं.

कचेरी

आठ दिवसांनी आम्हाला बोलावणं आलं. साहेब तिशीतले होते, चष्मा, बोलणं मऊ. त्यांनी यादी पुढे केली.

"बाई, अक्षर सुंदर आहे हो."

"हो," मी म्हटलं.

"पण या यादीप्रमाणे वस्तीत कुटुंबं अकरा निघतात, आणि त्यातली दोन एकाच गृहस्थांची. बाकी सगळी कुटुंबं गावाला आहेत, वारली आहेत किंवा व्हायची आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. अकरा कुटुंबांसाठी डोंगरावर नळ नाही नेता येत. आणि गावाला असलेल्या कुटुंबांना इथं पाणी देऊन काय उपयोग?"

ही सगळी माझीच करणी होती. माझ्या सुंदर अक्षरानं वस्तीतली निम्म्याहून जास्त माणसं पुसून टाकली होती. भावजयीनं टेबलाखालून माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. मला आनंदी दिसायला लागली, दिराच्या दारात, दुसऱ्याच्या हातचं खाणारी. आणि माझं असं आहे की मला लाज वाटली की पाठोपाठ राग येतो. तो आला.

"साहेब," मी म्हटलं, "रागावू नका, पण तुमचं कुटुंब कुठं असतं?"

"आमचं कुटुंब? ते सध्या माहेरी आहे, चिपळूणला. बाळंतपणासाठी."

"मग घरचा नळ बंद करून टाकलात का?"

कोपऱ्यातल्या कारकुनानं तोंड फाइलीत खुपसलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. साहेब माझ्याकडे पाहत राहिले, मग यादीकडे, मग परत माझ्याकडे. आणि एकदम मोठ्यानं हसले, अगदी चष्मा काढून.

"वाट लागली," ते म्हणाले. "बाई, आम्हाला कुटुंब म्हणजे घर पाहिजे होतं हो, घर! एका चुलीवर जेवतात ती सगळी माणसं."

"मग रकान्यात चूल लिहायचं होतंत."

"लिहायला पाहिजे होतं," ते म्हणाले, आणि हे म्हणणारा साहेब मी पहिल्यांदाच पाहिला. "शनिवारपर्यंत नवीन यादी आणा. चुलीगणिक एक नोंद, प्रमुखाचं नाव, पुढे माणसं किती. सोमवारी पावसाळ्याआधीची कामं ठरतात. शनिवार चुकला तर एकदम पुढच्या वर्षी."

तो दिवस गुरुवार होता.

पुन्हा यादी

शुक्रवारी उजाडताच मी चढावर. आता खणखणीत आवाज घरी ठेवून आले होते. प्रत्येक दारात वाकून आत पाहायची आणि विचारायची, "या चुलीवर कितीजणांचं शिजतं?" काय सांगू, तीच वस्ती, तीच दारं, पण आतून माणसं निघता निघेनात! आया निघाल्या, सासवा निघाल्या, गावाहून नोकरी शोधायला आलेले चुलतभाऊ निघाले. लंगडा काका स्वतःहून पुढे आला आणि म्हणाला, "माका लिवलास मां?" लिहिलं. धोंडीरामच्या झोपडीत चुली दोन निघाल्या, मधे पडदा. म्हणजे तो पुन्हा दोनदा आला, पण या वेळी कायदेशीर.

आनंदीच्या दारात पोचले तेव्हा दुपारची पंगत बसली होती. सोळा माणसं, सोळा पितळ्या. मी रकाना वाचला. "चूल क्रमांक नऊ. माणसं सतरा. प्रमुखाचं नाव?"

आनंदी म्हणाली, "बाबल काकांचा लिवा. ते सगळ्यांत मोठे." बाबल काका म्हणजे पांढऱ्या मिशांचा एक सुरुंगवाला. त्यानं घास खाली ठेवला.

"माझा कित्याक? मी हय जेवक येतंय. चूल कोणाची? लाकडा कोण हाडता? पाणी कोण भरता?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाय, आमी सगळे हिच्याच हातचा खातंव. हिचाच लिवा."

"बायलमाणूस परमुख खय आसता?" आनंदी म्हणाली.

"रकान्यात बाई-पुरुष असं काही लिहिलेलं नाही," मी म्हटलं. "नाव सांग. नवऱ्याचं लावू पुढे?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं. "नको. त्याचा नाव लावलास तर लोकांका वाटतला तो अजून जेवता हय." पंगतीत हसू पिकलं. "आनंदी म्हणानच लिवा."

मी लिहिलं. गेल्या खेपेला याच नावापुढे मी रेघ मारली होती, त्याची मला तेव्हा इतकी लाज वाटली की लिहिताना 'दी'ची वेलांटी बिघडली. सबंध यादीत तेवढी एकच बिघडली, आणि ती मी तशीच राहू दिली. आनंदीला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "खयचा माझा?" मी बोटानं दाखवलं. तिनं पिठाचा हात पाठीमागे धरला आणि लांबूनच पाहिलं.

नळ

शनिवारी यादी पोचली. नळ मंजूर झाला. साहेब स्वतः जागा पाहायला आले, धूळ पाहून विजार गुडघ्यापर्यंत वर केली, आणि मग त्यांचा चेहरा उतरला. चढ सगळा खडकाळ होता. नळी पुरायला चर खणायचा तर ठेकेदाराला पावसाळा उलटेपर्यंत वेळ लागणार होता.

"कशानं?" धोंडीरामनं विचारलं.

"अरे, खडक आहे ना."

वस्ती अशी हसली की मला वाटलं साहेबांचा अपमान होतोय. "साहेब," धोंडीराम म्हणाला, "मग आमी रोज काय लोणी फोडतो व्हय?"

खाण रविवारी बंद असते. दोन रविवारांत त्यांनी तो चर काढला. पहारी, सुत्की, छिन्न्या आपल्या घरच्याच. बाबल काका पुढे आखत जायचा, मागं साताऱ्याचे आणि कोकणातले पैजेवर फोडत यायचे, आणि बायका भुगा घमेल्यांत भरून काढायच्या. मी पाण्याच्या खेपा घालत होते, म्हणजे तबेल्याच्या विहिरीवरून एकच कळशी दोनदा आणली आणि दोन दिवस मान वळेना. आनंदीच्या दहा खेपा म्हणजे काय ते मला मानेनं समजावलं. साहेबांनी नळ्या वेळेवर पाठवल्या. शाळा उघडायला चार दिवस होते. मी मुख्याध्यापिकाबाईंना कार्ड टाकलं, की तब्येत बरी नाही. मान खरंच दुखत होती, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं.

पाणी सोडायचं ठरलं त्या सकाळी सगळी वस्ती नळापाशी. नारळ कुणी वाढवायचा यावरून धोंडीरामच्या दोघी इतक्या भांडल्या की शेवटी दोघींना एकेक नारळ दिला. कचेरीचा माणूस खाली जाऊन चावी फिरवून आला. नळ खोकला, फुरफुरला, गंजलेलं लाल पाणी थुंकला, आणि मग स्वच्छ धार सुरू झाली. मला रडू आलं. आलं तर आलं. वाईच्या घाटावर जन्म काढलेल्या बाईला एका तोटीकडे पाहून रडू यावं, याचं भावजयीला फार हसू आलं, आणि मग तीही डोळे पुसायला लागली.

रांग यादीप्रमाणे लावायची असं बाबल काकानंच ठरवलं होतं. पण सोळा माणसांचा स्वयंपाक खोळंबलेला. आनंदी दोन हंडे घेऊन आली तेव्हा बायकांनी वाट दिली. "जा गं, तू आधी भर. तुझ्याकडं पंगत हाय." बाबल काका म्हणाला, "जा गो, पुढे हो." मीही म्हटलं, "जा ना आनंदी."

"नाय," ती म्हणाली. "माझो नंबर नववो. लिवलेलो आसा."

आणि ती आठजणींच्या मागं उभी राहिली. हंडे खाली ठेवले, कमरेवर हात घेतले. ऊन चढत होतं, चूल थंड होती, सोळा माणसं झोपडीच्या सावलीत बसून तिच्याकडे पाहत होती आणि एकानंही भुकेचं नाव काढलं नाही. एकेक हंडा भरत गेला. आठवी बाई बाजूला झाली. यादी माझ्या हातात होती, म्हणून मी पुकारलं, "नऊ नंबर!"

आनंदीनं हंडा तोटीखाली लावला, मान वर केली आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं म्हणाली, "नववो. आनंदी. कुटुंब हयच आसा!"